व्यवसायाचा क्यूआर कोड : छापण्यापूर्वीचा विचार

बाजारपेठेतील कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यापाशी आज क्षणभर उभे राहिले, तर “स्कॅनर कुठं आहे?” हा गिऱ्हाइकाचा प्रश्न, आणि त्यावर दुकानदाराने मान वर न करता काचेवर चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकटीकडे दाखवलेले बोट, या दोन गोष्टी हटकून पाहावयास मिळतात. पैसे घेण्याची ही सोय अंगवळणी पडल्यावर तीच चौकट आपल्या पिशवीवर, खोक्यावर, पावतीवर आणि दुकानाच्या पाटीवरही असावी, शिवाय ती चारचौघांसारखी काळी न राहता आपल्या बोधचिन्हाने आणि आपल्या रंगांनी शोभिवंत व्हावी, अशी इच्छा व्यावसायिकांच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. ही इच्छा घेऊन ते छापखान्यात जातात, आणि तेथे पहिली चर्चा होते ती रंगाची. वास्तविक रंगाचा प्रश्न हा या कामातील सर्वांत शेवटचा. चौकटीत काय भरावयाचे, ती ज्या पत्त्यावर वाचकाला नेणार तो पत्ता कोणाच्या मालकीचा, तो किती वर्षे चालणार, आणि कागदावर, पुठ्ठ्यावर अथवा काचेवर ती केवढ्या आकाराची उतरणार, या बाबींचा निकाल त्याच्या आधी लागलेला असला पाहिजे. विवेचन हवेत राहू नये म्हणून, आपल्या बागेतील हापूस पेटीत भरून मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना परस्पर विकणारा कोकणातील बागायतदार येथे उदाहरणादाखल समोर ठेवला आहे. पापड-मसाल्याचा गृहोद्योग, खानावळ किंवा किराणा दुकान चालवणाऱ्यांनी त्यातून आपल्यापुरते घ्यावे.

या चौकटीचा उगम पैशाच्या व्यवहारात नाही. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानमधील डेन्सो या कंपनीत १९९४ साली मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सिद्ध केली. कारण कारखान्यातील मालाच्या चिठ्ठ्यांवर जो उभ्या रेघांचा बारकोड असे, त्यात जेमतेम वीस अक्षरे मावत, आणि एकाच खोक्यावरचे अनेक बारकोड एकामागून एक वाचताना कामगार मेटाकुटीस येत. आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी माहिती मांडता येईल ही कल्पना आपल्याला ‘गो’ या पटावरील खेळाच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून सुचली, असे हारा यांनी सांगितले आहे. तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात ते यंत्राला चौकट कोठे आहे आणि कोणत्या बाजूने वाचावयाची हे सांगतात. त्यांच्या मधून कोणत्याही दिशेने रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण १:१:३:१:१ असेच येते; नियतकालिके, पत्रके, खोकी असा नाना तऱ्हेचा छापील मजकूर तपासून, त्यात सर्वांत क्वचित आढळणारे प्रमाण म्हणून ते निवडले गेले. कंपनीने पेटंट स्वतःकडे ठेवले, परंतु त्याचा हक्क इतरांविरुद्ध बजावला नाही, आणि २००० साली या चौकटीला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप आले. या इतिहासात व्यावसायिकाच्या उपयोगाची एक गोष्ट आहे: क्यूआर कोड बनवण्याला कोणाचीही परवानगी लागत नाही आणि फीही पडत नाही. तेव्हा कोडसाठी दरमहा वर्गणी मागणारा इसम किंवा संकेतस्थळ ती वर्गणी नेमकी कशाची मागत आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

बहुधा ती वर्गणी मधल्या वाटेची असते. क्यूआर कोड दोन तऱ्हांनी वापरात येतो. पहिल्या तऱ्हेत, ज्याला स्टॅटिक म्हणतात, आपला अंतिम पत्ता सरळ चौकटीतच लिहिलेला असतो; तो एकदा छापला की बदलत नाही, आणि कोणाच्या मर्जीवरही अवलंबून नसतो. दुसऱ्या तऱ्हेत, जिला डायनॅमिक हे नाव आहे, चौकटीत एखाद्या सेवा देणाऱ्या कंपनीचा आखूड पत्ता असतो, आणि तो स्कॅन करणाऱ्याला तेथून आपल्या पानाकडे वळवले जाते. त्यामुळे छापील कोड तोच ठेवून मुक्कामाचे ठिकाण बदलता येते, कोणी किती वेळा पाहिले याची मोजदादही मिळते. ही दुसरी तऱ्हा सोयीची आहे यात शंका नाही, पण तिच्यातील ग्यानबाची मेख अशी की छापलेल्या हजार पेट्यांवरचा पत्ता आपला नसून त्या कंपनीचा असतो. फुकट वापराची मुदत संपली, वर्गणी भरावयाची राहिली किंवा कंपनीने गाशा गुंडाळला, म्हणजे फाल्गुनात छापलेल्या आणि वैशाखात घरोघरी पोहोचलेल्या पेट्यांवरचा कोड “आपली मुदत संपली आहे” असे आपल्याच गिऱ्हाइकाला सांगू लागतो. आणि गिऱ्हाईक ते त्या कंपनीविषयी न मानता बागेविषयी मानते.

यावर उपाय अवघड नाही. आपल्या नावाचा एक डोमेन विकत घ्यावा. हंगामाच्या आरंभी डझनभर चांगल्या हापूसला जे पडतात, साधारण तेवढ्यात एक साधा डोमेन वर्षभरासाठी मिळतो. त्या डोमेनवर ‘पेटी’, ‘पाटी’, ‘पावती’ अशा आखूड नावांचे रस्ते काढावेत आणि त्यांना हवे तेव्हा हव्या त्या पानाकडे वळवण्याची व्यवस्था करून घ्यावी. संकेतस्थळ बनवणाऱ्या कोणत्याही जाणत्या माणसाचे हे तासाभराचे काम आहे. कोड स्टॅटिक राहतो, ठिकाण बदलण्याची मुभा मिळते, आणि मधला पत्ता आपल्याच मालकीचा असतो. मात्र येथे एक खबरदारी आवर्जून घ्यावी. डोमेनची नोंद पुष्कळदा संकेतस्थळ करून देणाऱ्या माणसाच्या किंवा घरातील एखाद्या संगणक शिकलेल्या पुतण्याच्या नावावर होते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव लागले त्याची जमीन, तशीच येथेही गत असल्यामुळे, नोंदणी आपल्या नावाने, आपल्या ईमेलने आणि आपल्या मोबाइल क्रमांकाने झाली आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

आता चौकटीच्या अंतरंगाकडे वळू. तिचे लहानात लहान रूप २१ × २१ घरांचे आणि मोठ्यात मोठे १७७ × १७७ घरांचे असते. मधले प्रत्येक रूप आधीच्यापेक्षा प्रत्येक बाजूला चार घरांनी वाढत जाते, आणि अशी एकूण ४० रूपे मानकात सांगितली आहेत. मजकूर वाढला की घरे वाढतात. घरे वाढली आणि कागद तेवढाच राहिला, की प्रत्येक घर बारीक होते आणि फोनच्या कॅमेऱ्याला ते ओळखणे जड जाते. याशिवाय प्रत्येक कोडमध्ये थोडी माहिती मूळ मजकुराच्या रक्षणासाठी अधिकची भरलेली असते, जेणेकरून काही भाग फाटला, मळला किंवा झाकला गेला तरी उरलेल्यावरून पूर्ण मजकूर पुन्हा जुळवता यावा. या रक्षणाच्या चार पातळ्या असून त्यांत अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के हानी सोसण्याची शक्ती असते. शक्ती वाढवली की घरेही वाढतात. चोवीस अक्षरांचा पत्ता १५ टक्क्यांच्या पातळीवर २५ × २५ घरांत बसतो, तोच ३० टक्क्यांच्या पातळीवर २९ × २९ घरे मागतो. आणि शंभर अक्षरांचा लांबलचक पत्ता त्याच वरच्या पातळीवर ५७ × ५७ घरांपर्यंत जातो. दोन सेंटिमीटरच्या कोडमध्ये पहिल्या प्रकारात एकेक घर आठ दशांश मिलिमीटरचे पडते, तर शेवटच्या प्रकारात ते जेमतेम साडेतीन दशांश मिलिमीटरचे. आखूड पत्ता हा सुबक कोडचा खरा अलंकार होय, आणि त्याला छापखान्यात पैसेही पडत नाहीत.

आपल्या भाषेत व्यवसाय करणाऱ्यांनी येथे एक विशेष ध्यानात ठेवावे. देवनागरीतील प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक अनुस्वार संगणकाच्या प्रचलित लेखनपद्धतीत तीन बाइट घेतो, आणि तोच मजकूर संकेतस्थळाच्या पत्त्यात आला की टक्क्याच्या चिन्हांसह नऊ चिन्हांत उलगडला जातो. ‘हापूस’ या शब्दात ह, काना, प, ऊकार आणि स अशी पाच चिन्हे आहेत. रोमन लिपीत पाच अक्षरांत मावणारा हा शब्द पत्त्यातील देवनागरीत पंचेचाळीस चिन्हांचा होतो. म्हणून कोडमधील पत्ता रोमन लिपीत आणि आखूड ठेवावा, आणि मराठीचा मान तो पत्ता ज्या पानावर नेतो तेथे व कोडच्या शेजारील छापील मजकुरात राखावा. आणखी एक बारीक युक्ती अशी की, केवळ मोठी रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी विरामचिन्हे वापरली तर चौकटीत माहिती अधिक दाट बसते. डोमेनच्या नावाला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने ते मोठ्या अक्षरांत लिहिण्यास प्रत्यवाय नाही, मात्र त्यापुढील भागाला पुष्कळ ठिकाणी तो भेद असतो, तेव्हा तो तपासून पाहावा.

एवढे झाल्यावर सजावटीचा विचार करण्यास हरकत नाही. मध्यभागी बोधचिन्ह बसवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती वर सांगितलेल्या रक्षणशक्तीच्या जोरावरच चालते: चिन्हाने झाकलेली घरे ही यंत्राच्या दृष्टीने फाटलेली घरेच असतात. “तीस टक्के सोसतो म्हणता, मग तीस टक्के झाकू या” असा हिशेब काही उत्साही कलाकार मांडतात. पण ती शक्ती दमट हवेने, टेम्पोतल्या घासटीने, तेलकट बोटांनी आणि उन्हाने होणाऱ्या हानीसाठी राखून ठेवलेली असते, आणि सजावटीत ती आधीच उधळली तर पेटी गिऱ्हाइकाच्या दारात उतरेपर्यंत कोड निकामी झालेला असतो. माझ्या मते चिन्हाची रुंदी कोडच्या बाजूच्या चतुर्थांशाहून अधिक नसावी, त्यावेळी पातळी सर्वांत वरची निवडावी, चिन्हाभोवती पांढरी किनार सोडावी, आणि तीन कोपऱ्यांतील चौकोनांना व त्यांच्या लगतच्या घरांना हात लावू नये. कारण कोड कोणत्या पातळीचा आणि कोणत्या तऱ्हेने वाचावयाचा ही किल्ली त्या लगतच्या घरांतच असते. चौकटीच्या चारही बाजूंना चार घरांइतकी जागा कोरी सोडणे मानकाप्रमाणे आवश्यक आहे. या कोऱ्या जागेचा बळी सर्वाधिक वेळा जातो, कारण मोकळी जागा पाहिली की तेथे वेलबुट्टी काढण्याचा मोह छापखान्यात कोणालाच आवरत नाही.

रंगाच्या बाबतीत एकच नियम पाळला तरी पुष्कळ: घरे गडद आणि पार्श्वभूमी फिकट. गडद तपकिरी, गर्द हिरवा, निळा, किरमिजी हे रंग पांढऱ्यावर किंवा फिकट पिवळ्यावर चालतात. केशरीवर पिवळा, सोनेरीवर पांढरा किंवा काळ्यावर पांढरी उलटी चौकट, ही पत्रिकेवर शोभली तरी सगळ्या फोनांना वाचता येईलच असे नाही. ज्यांचा माल मोठ्या गोदामांतून जातो त्यांनी लाल रंग टाळावा, कारण तेथील अनेक वाचकयंत्रे लाल प्रकाश टाकून वाचतात आणि त्या प्रकाशात लाल घरे पांढऱ्यासारखीच दिसतात. घरांना गोल ठिपक्यांचे रूप देण्याची हौस क्षम्य आहे, पण ठिपके इतके बारीक नसावेत की दोन घरांमधील अंतर घरापेक्षा मोठे व्हावे. एकंदरीत, कोडच्या आत नटण्यापेक्षा कोडच्या बाहेर नटावे असे माझे मत आहे. एक सुरेख चौकट, वर बागेचे नाव, आणि खाली दोन ओळी.

त्या दोन ओळींकडे मात्र लक्ष थोडे अधिक द्यावे, कारण नुसता कोड पाहून कोणी फोन बाहेर काढत नाही. “येथे स्कॅन करा” हे वाक्य आज्ञा देते, कारण सांगत नाही. “हा आंबा कोणत्या बागेतला आणि कधी उतरवला, ते पाहा” असे लिहिले तर वाचणाऱ्याला हेतू कळतो. अगदी खालच्या ओळीत तोच पत्ता वाचता येईल अशा अक्षरांत छापावा. कोड खराब झाला तरी माणसाला पत्ता टाइप करता येतो, आणि कोड कोठे नेणार हे आधी दिसल्याने शंकेखोर गिऱ्हाइकाचेही समाधान होते.

आकारासाठी व्यवहारात एक ठोकताळा चालतो: जितक्या अंतरावरून कोड वाचला जाणार, त्याच्या दहाव्या भागाइतकी त्याची बाजू असावी. गल्ल्यावर हातभर अंतरावरून वाचावयाचा कोड तीन-चार सेंटिमीटरचा पुरतो. तीन मीटरवरून वाचावयाच्या पाटीवर तो तीस सेंटिमीटरचा हवा. भेटपत्रावरही दोन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. धावत्या एसटीच्या पाठीवर किंवा महामार्गावरच्या फलकावर कोड छापणे हा पैशाचा अपव्यय तर आहेच, शिवाय मागच्या गाडीच्या चालकाला फोन काढण्याचे निमंत्रण देणे बरे नव्हे.

यापुढचा टप्पा छापखान्याचा, आणि बहुतेक कोडांचा घात येथेच होतो. कोड तयार करताना तो एसव्हीजी किंवा पीडीएफ या रूपांत घ्यावा, म्हणजे तो कितीही मोठा केला तरी कडा धारदार राहतात. प्रत्यक्षात काय घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे: मालक फोनवरच्या कोडचा स्क्रीनशॉट घेतो, तो व्हॉट्सअॅपवर डीटीपी करणाऱ्याला पाठवतो, वाटेत चित्र आक्रसते, डीटीपीवाला ते कोरलड्रॉमध्ये ओढून जागेत बसवतो, त्यात रुंदी थोडी वाढते आणि उंची तेवढीच राहते, आणि पाच हजार लेबले छापून झाल्यावर ती चौकट कडेने धुरकट व किंचित लांबट उतरलेली दिसते. चित्र पाठवावयाचेच तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. चौरंगी छपाईत कोडचा काळा रंग केवळ काळ्या शाईचा आहे ना, हे मुद्दाम विचारावे. चारही शाया मिसळून केलेला काळा डोळ्यांना गर्द वाटतो, पण पत्रा केसभर सरकला की प्रत्येक घराच्या कडेला निळी-गुलाबी झालर उमटते आणि बारीक घरे एकमेकांत मिसळतात.

पेटीच्या पुठ्ठ्याचे तंत्र आणखी वेगळे. तपकिरी पन्हळी पुठ्ठ्यावर रबरी ठशाने केलेल्या छपाईत शाई पसरते, पन्हळीच्या रेघा मध्ये येतात आणि तपकिरी रंगामुळे काळ्याचा उठाव कमी होतो. म्हणून तेथे कोड निदान चार-पाच सेंटिमीटरचा ठेवावा, किंवा पांढरे लेबल वेगळे छापून चिकटवावे. लॉटनुसार बदलणारे कोड घरच्या घरी छापण्यासाठी लेबल-प्रिंटर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, ज्यात शाई किंवा रिबन लागत नाही, केवळ उष्णतेने कागद काळा होतो, अशा यंत्राची लेबले चैत्र-वैशाखाच्या उन्हात बंद टेम्पोमध्ये तापली की काळवंडतात. रिबनचे यंत्र थोडे महाग पडले तरी या कामी तेच घ्यावे. चकचकीत लॅमिनेशनवर दुकानातील दिव्याचा झोत नेमका कोडवर पडतो, सबब गल्ल्यावरच्या पाटीला मॅट लॅमिनेशन घालावे. लोणच्याच्या बरणीसारख्या गोल वस्तूवर कोड इतका रुंद नसावा की त्याच्या दोन्ही कडा वळणाआड जाव्यात.

छपाईची पूर्ण ऑर्डर देण्यापूर्वी एक नमुना प्रत्यक्ष त्याच कागदावर अथवा पुठ्ठ्यावर छापून घ्यावा आणि तो संगणकाच्या पडद्यावर न तपासता हातात धरून तपासावा. एक नवा महाग फोन, एक पाच-सहा वर्षांपूर्वीचा ओरखडे पडलेल्या भिंगाचा स्वस्त फोन, संध्याकाळचा मंद उजेड, दुपारचे ऊन, तिरका कोन, ओला हात: या सर्व परीक्षांतून तो उत्तीर्ण झाला म्हणजे छापावयास सांगावे.

कोड उघडल्यावर जे पान दिसते त्याबद्दल व्यावसायिक सहसा उदासीन असतात, आणि हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत खेदजनक वाटते. फोन काढून, कॅमेरा धरून गिऱ्हाइकाने जे श्रम घेतले त्याच्या मोबदल्यात त्याला पान भरताना फिरणारे चक्र, आणि मग “आधी मोबाइल नंबर द्या” ही चौकट मिळत असेल, तर त्याने पुन्हा तसे का करावे? बागायतदाराच्या पानावर गाव व बाग, फळ उतरवल्याची तारीख, आंबा अजून कच्चा असल्यास अढी कशी घालावी आणि किती दिवस थांबावे, डाग किंवा साका निघाल्यास कोणाला कळवावे, आणि पुढच्या मागणीसाठी एक बटण, एवढे असले म्हणजे पुरे. कोकणातील रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे; त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून ज्यांनी नोंदणी केली असेल त्यांनी तो नोंदणी क्रमांक येथे अवश्य द्यावा, कारण दक्षिणेकडून येणाऱ्या आंब्याला हापूस म्हणून विकण्याच्या प्रकाराला तोंड देण्यास तो उपयोगी आहे. खानावळींनी मेनूचे दहा-बारा पानांचे जड पीडीएफ टाकण्याऐवजी हलके पान करावे, आणि वडीलधाऱ्या मंडळींसाठी दोन-चार छापील मेनू कार्डे गल्ल्यापाशी ठेवावीत. जेवावयास आलेल्या आजोबांना चष्मा आणि फोन दोन्ही शोधावयास लावणे हे आतिथ्याला धरून नाही.

पैशांच्या कोडची गोष्ट निराळी असून तिथे कलाकुसर जितकी कमी तितकी बरी. यूपीआयच्या कोडमध्ये पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, त्याचे नाव आणि हवी असल्यास रक्कम, एवढाच मजकूर ठरलेल्या साच्यात असतो. पूर्वी प्रत्येक कंपनीचा कोड फक्त तिच्याच अॅपने वाचता येई. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये असे नवे कोड काढण्यास मनाई केली आणि ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांनी परस्परांना चालणाऱ्या कोडकडे वळावे असे फर्मावले. तेव्हा गल्ल्यावर चार कंपन्यांच्या चार पाट्या मांडण्याची आता तांत्रिक गरज उरलेली नाही. एकच पाटी ठेवल्याने हिशेबही एका खात्यात येतो आणि भेसळही चटकन उमगते. भेसळ म्हणजे अशी की, रात्री किंवा गर्दीच्या वेळी कोणी भामटा स्वतःच्या कोडचे स्टिकर बरोबर आपल्या कोडवर चिकटवून जातो आणि दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात जमा होते. म्हणून दुकान उघडताच पाटीवरून नख फिरवून पाहावे, स्वतःच्या फोनने स्कॅन करून नाव आपलेच येते ना याची खात्री करावी, आणि गर्दीच्या दुकानात रक्कम बोलून दाखवणारा साउंडबॉक्स ठेवावा. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर विसंबू नये. आणि पैसे घेण्यासाठी आपल्याला कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः नव्या नोकराला, बजावून सांगावे. “पेमेंट पाठवतोय, हा कोड स्कॅन करा” असे फोनवर सांगणारा मोठा खरेदीदार हा खरेदीदार नसतोच. पेटीवर पैशाचा कोड छापू नये. पेटी कोणाच्याही हाती लागते, आणि माहितीचा कोड व पैशाचा कोड शेजारी असले की लोक गोंधळतात.

काही कोड कायद्याने यावयाचे असतात, आणि योगायोग असा की त्यांतील तीन बाबी एकाच दिवशी, १ ऑगस्ट २०२३ रोजी, लागू झाल्या: महारेराने बांधकाम प्रकल्पांच्या जाहिरातींत कोड सक्तीचा केला, केंद्र शासनाने ठरावीक ३०० औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक केला, आणि जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसची मर्यादा पाच कोटींच्या उलाढालीपर्यंत खाली आली, ज्या इन्व्हॉइसवर शासकीय पोर्टलकडून मिळालेला सहीचा कोड छापावा लागतो. असे कोड जसेच्या तसे छापावेत. त्यांच्या मध्यभागी आपले बोधचिन्ह बसवण्याच्या भानगडीत पडू नये. सहीच्या कोडमध्ये मजकूर मुळातच भरगच्च असतो आणि तो लहान केला तरीही वाचेनासा होतो.

कोड वापरात आल्यावर त्यातून काही शिकावयाचे असेल तर पेटीसाठी एक, प्रदर्शनातील पाटीसाठी दुसरा आणि वर्तमानपत्रातील जाहिरातीसाठी तिसरा असे निरनिराळे रस्ते काढावेत. मग कोणत्या वाटेने किती माणसे आली हे कळते. याहून अधिक चौकशी करू नये. पानावर नाव किंवा फोन क्रमांक मागणारच असलो, तर तो कशासाठी हे स्पष्ट लिहून संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाची चौकट हीच आहे.

सर्व कोडांची एक वही ठेवावी: कोणता कोड, त्यात कोणता पत्ता, कोठे छापला, किती प्रती, मूळ फाइल कोठे आहे, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख कोणती. मृगाचा पाऊस सुरू होऊन आंब्याचा हंगाम संपला, की पेटीवरचा रस्ता बंद न करता आमरसाच्या डब्यांकडे किंवा पुढील वर्षाच्या आगाऊ नोंदणीकडे वळवावा, कारण पेट्या माळ्यावर जातात, त्यांत जुनी भांडी भरली जातात, आणि दिवाळीच्या सफाईत कोणीतरी एखादी खाली काढून तो कोड सहज स्कॅन करते. उरलेल्या कोऱ्या पेट्या पुढच्या वर्षी वापरण्यापूर्वी त्यांतील एक काढून पुन्हा एकवार तपासावी, आणि डोमेनची मुदत निदान येत्या दोन हंगामांपर्यंत भरलेली आहे हे वहीत पाहून मगच नव्या छपाईची रक्कम ठरवावी.